ठरवणारा एक, तोफ डागणारा दुसरा

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सेनानीचा पेच मांडताना निर्णय घेणारा माणूस बहुधा एकच असतो. मला ही मांडणीच अपुरी वाटते.

३ जुलै १९४०चा प्रसंग पाहा. फ्रान्सने शरणागती पत्करली होती. त्याचे आरमार हिटलरच्या हाती पडेल या भीतीने ब्रिटिश मंत्रिमंडळाने ॲडमिरल सॉमरव्हिल यांना अल्जीरियातील मर्स-अल-केबीर बंदराकडे धाडले. आमच्याबरोबर या, जहाजे दूर न्या किंवा स्वतः बुडवा, नाहीतर तोफा डागू, असा खलिता होता. सॉमरव्हिल यांनी बळाच्या वापराविरुद्ध आपले मत आधीच कळवले होते. आदेश बदलला नाही. संध्याकाळी तोफा सुटल्या. कालपर्यंत मित्र असलेले सुमारे १,३०० फ्रेंच दर्यावर्दी या कारवाईत मेले.

उपयुक्ततावादी म्हणेल, मोठा धोका टळला. पण नोव्हेंबर १९४२मध्ये जर्मन तुलाँला पोचले, तेव्हा फ्रेंचांनी तिथले आपले आरमार स्वतःच बुडवले. अर्थात, १९४०मध्ये हे कोणाला ठाऊक असणार? कांटवादी म्हणेल, माणसांना साधन बनवले. हे मला पटते. पण दोषी कोण?

परिणामांचा हिशेब चर्चिल यांनी लंडनमध्ये मांडला. विवेकाची टोचणी समुद्रावर सॉमरव्हिल यांना लागली. प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय होती. आपले सिद्धान्त निर्णय तोलतात, त्याची वाटणी तोलत नाहीत. म्हणून ‘योग्य काय?’ याच्याइतकाच ‘नाही म्हणणे कोणाच्या हाती होते?’ हा प्रश्नही मला महत्त्वाचा वाटतो. सॉमरव्हिल यांच्या हाती ते होते. त्यांनी विरोध नोंदवला, आणि आदेशही पाळला.