हुजूरपागेचे अकरा ते पाच

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघालेल्या दोघी ‘हुजूरपागेपाशी भेटू’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे घोडे नसतात, शाळा असते. खरे तर ही पेशव्यांच्या खास पागेची जागा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, घोडे गेले, नाव तेवढे उरले. पुढे मुलींची शाळा तिथे नांदू लागली आणि ते नाव तिला चिकटले. कागदोपत्री ती एके काळी ‘हायस्कूल फॉर इंडियन गर्ल्स’ होती. पण पुणेकरांच्या तोंडी हुजूरपागाच.

शाळा निघाली १८८४ मध्ये. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित ही तिच्यामागची मंडळी. मुलींच्या हायस्कूलची मागणी गव्हर्नरांपुढे मांडणारे इंग्रजी निवेदन रमाबाई रानड्यांनी भर सभेत वाचले आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खाल्ली. म्हणजे शाळेचे पहिले भांडण सरकारशी झालेच नाही. ते माजघरात झाले.

हुजूरपागेचे रसग्रहण करायचे तर मी तिच्या इमारतीपाशी रेंगाळणार नाही. तिच्या जुन्या वेळापत्रकातली एकच ओळ पुरे: शाळा अकरा ते पाच. आज या ओळीवर नजर ठरणारही नाही. पण तेव्हाच्या पेठेतल्या घरात ती ठेवून पाहा. अकराला मुलगी बाहेर पडायची, तर सोवळ्यातला स्वयंपाक, पंगती, उष्टी-खरकटी यांतून तिला कुणीतरी मोकळे करायला हवे. पाचला ती परतणार, तर दुपारचे निवडणे-टिपणे, वाती वळणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जायला हवे. ती सासुरवाशीण असली तर विचारूच नका. मुलांच्या शाळेची वेळ मुलींना लावताच सगळ्या घराची घडी बदलते. मुलींच्या बुद्धीचे गोडवे गाणारी व्याख्याने ऐकून माना डोलावणे सोपे होते. रोजचे सहा तास सोडणे जड होते.

या ओळीतली ताकद सर्वांत आधी ओळखली ती विरोधकांनी. १८८७ मध्ये टिळकांनी ‘मराठा’ या इंग्रजी पत्रातून शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली, तेव्हा त्यांनी नेमके या वेळेवर बोट ठेवले. मुलींना तीन तास पुरेत, उरलेला वेळ घरकामाला हवा, असे त्यांचे म्हणणे. इंग्रजीऐवजी देशी भाषा आणि शिवणकाम शिकवावे, हेही त्यात आलेच. न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या माणसाला शाळेचे तास म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांची टीका मला पटत नसली तरी उथळ वाटत नाही. घाव अचूक जागी घातला होता.

वसतिगृहाने तर सहाचे चोवीस तास केले. बर्मात जन्मलेली, इरावती नदीचे नाव मिळालेली एक मुलगी सातव्या वर्षी इथे राहायला आली. शकुंतला परांजपे तिची मैत्रीण झाली आणि त्या ओळखीतून रँग्लर परांजप्यांचे घर, त्या घरातली पुस्तके तिला आपली झाली. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्या याच.

याच पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींसाठी शाळेचे दार उघडले होते. मुलगी दिवसभर त्या दाराआड बसू शकेल का, हा पुढचा प्रश्न हुजूरपागेने सोडवला. तिच्या संस्थापकांच्या तसबिरींना हार जरूर घालावेत. पण माझ्या लेखी त्यांची सर्वांत धीट कृती ‘अकरा ते पाच’ हीच.