ज्या गावाला उठल्याची तारीखच नाही

खानदेशात 'गाव उठलं' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तापीवर हतनूर झालं, गावं उठली. उकाईच्या फुगवट्यात नवापूर-नंदुरबारकडची उठली. सरदार सरोवरात मणिबेली उठलं. मणिबेली तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, कारण नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. १९९४ साली जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून जगभरच्या संघटनांनी एक जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं 'मणिबेली जाहीरनामा'. सातपुड्यातलं एक आदिवासी गाव असं जगाच्या कागदपत्रांत गेलं.

मराठी साहित्यानेही हे उठणं नोंदवलं आहे. प्रशासनात अधिकारी राहिलेल्या विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'धरणग्रस्त' हा शब्द तर आपल्या भाषेत इतका मुरला आहे की त्याच्या मागे माणसं आहेत हे पुन्हा सांगावं लागत नाही.

पण याच भाषेत गाव उठण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला शब्द नाही. लष्कराच्या सरावासाठी उठलेलं, उठवलेलं किंवा उठण्याच्या टांगत्या तलवारीखाली बसलेलं गाव. 'चांदमारीग्रस्त' असं कुणी म्हणत नाही. त्या गावाची कादंबरी आपल्या चर्चेत नाही, कविता नाही, नाटक नाही. या लेखात मला या गैरहजेरीबद्दल बोलायचं आहे. 'लष्कराबद्दल लिहायला लोक घाबरतात' हे उत्तर सोपं आहे आणि थोडंफार खरंही आहे. मला मात्र अडचण कथेच्या बांधणीत दिसते.

आधी जिथे असं लिखाण भरपूर झालं तिथे जाऊ. इंग्लंडमध्ये १९४३ च्या शेवटी, नॉर्मंडीवर उतरायची तयारी चालू असताना, दोन गावं रिकामी केली गेली. विल्टशायरमधलं इंबर आणि डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळचं टायनम. इंबरच्या लोकांना १ नोव्हेंबरला शाळेच्या खोलीत बोलावून ४७ दिवसांची मुदत दिली. टायनमचे २२५ लोक नाताळच्या आठवडाभर आधी बाहेर पडले. जाताना चर्चच्या दारावर कुणीतरी चिठ्ठी लावली. तिचा आशय असा, की घरं आणि चर्च जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८ मध्ये सरकारने टायनम सक्तीने विकत घेतलं. कुणीही परत आलं नाही. तिथे आजही रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालतो.

युट्यूबवर 'टायनम' टाकून बघा. ड्रोनचे शॉट, छत नसलेली घरं, भिंतींवर चढलेल्या वेली, मागे हळवं पियानो. 'काळ थांबलेलं गाव' अशा धाटणीचं शीर्षक. आपल्याकडे राजस्थानातल्या कुलधराचे रील याच साच्यात बनतात, फक्त तिथे पियानोऐवजी भूत असतं. हा सगळा माल बघायला छान आहे आणि त्यात एकच गोष्ट गायब असते: गाव कुणाचं होतं?

हा प्रश्न पॅट्रिक राइट यांनी 'द व्हिलेज दॅट डाइड फॉर इंग्लंड' या १९९५ च्या पुस्तकात धरला. टायनमवर हळवं होणाऱ्या प्रत्येकाला आपापलं इंग्लंड त्या पडक्या घरांत कसं दिसत गेलं, जमीनदाराला जुनं, पर्यावरणवाद्याला हिरवं, लष्कराला कर्तव्यदक्ष, हे ते तपशिलाने दाखवतात. मुळात टायनम १९४३ च्या आधीच ओसरत होतं. तिथली शाळा १९३२ मध्येच बंद पडली होती. बहुतेक गावकरी कुळं होती, जमीन आणि घरं बाँड या जमीनदार घराण्याची. त्यामुळे भरपाईची वेळ आली तेव्हा कुळांच्या वाट्याला परसातल्या भाजीपाल्याची किंमत तेवढी आली, कारण त्यांच्या मालकीचं दुसरं काही नव्हतं. आणि टायनमच्या आठवणींचं गाजलेलं पुस्तक, १९५६ चं, कुणी लिहिलं? लिलियन बाँड यांनी, म्हणजे मोठ्या घरच्या लेकीने. मासे धरणाऱ्यांनी आणि दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

खानदेशी वाचकाला हे लगेच कळेल. आपल्याकडे ज्याचा सातबारा त्याची भरपाई. सालदाराचं काय? गावदरवाजाजवळ झोपडी टाकून वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर येतं? गाव उठलं की शेतकरी जमीन गमावतो. सालदार जमिनीचा मालक आणि जमीन दोन्ही गमावतो, आणि दोन्ही कागदावर नसतात. टायनमच्या भाजीपाल्याचा हिशेब वाचताना मला आमच्याकडचे सालदार आठवत राहिले.

टायनमपेक्षा मला वेल्समधलं एपिंटचं पठार जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४० मध्ये तिथली ५४ घरं आणि २१९ माणसं उठवली गेली. हे मेंढपाळ, वेल्श बोलणारे. योरवर्थ पीट हे लोकजीवनाचे अभ्यासक त्या दिवसांत नोंदी करायला तिथे गेले. एका घरासमोर एक म्हातारी खुर्ची टाकून रडत बसली होती. तिने विचारलं, कुठून आलास? कार्डिफहून, म्हटल्यावर ती म्हणाली की बाळा, लवकर परत जा, इथे जगाचा शेवट झालाय. टायनममध्ये इंग्रजीचं काही बिघडलं नाही. एपिंटमध्ये मात्र घरांबरोबर एका भाषेचा मुलूख उठला. लोक खाली इंग्रजी बोलणाऱ्या गावांत पांगले, मुलं तिथल्या शाळांत गेली. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या आपल्या भागाला हा धोका परका नाही.

आणि एक तपशील असा की कादंबरीकाराने रचला असता तर आपण अतिरंजित म्हटलं असतं. एपिंटची खरी घरं आणि प्रार्थनाघर गेलं, आणि पुढे लष्कराने गावातल्या लढाईचा सराव करण्यासाठी त्याच पठारावर एक नकली गाव बांधलं, नकली चर्चसकट. इंबरमध्येही १९७० च्या दशकात सरावासाठी रिकामी घरं उभारली. म्हणजे सैन्याला गाव लागतंच. गावकरी तेवढे नको असतात.

आता घरी येऊ. जळगावहून पुण्याला येणारी बस अहिल्यानगरवरून जाते. नोकरीला लागल्यापासून मी हा रस्ता कितीदा केला याची मोजदाद नाही. शहराजवळ खारे कर्जुने नावाचं गाव आहे. त्याच्या आद्याक्षरांवरून तिथल्या रणगाड्यांच्या सरावक्षेत्राला 'के. के. रेंज' म्हणतात. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतली २३ गावं या रेंजच्या विस्ताराच्या छायेत आहेत. पारनेरचं वनकुटे, ढवळपुरी, राहुरीचं बारागाव नांदूर ही त्यातली काही. राहुरीच्या पट्ट्याने तर आधीच मुळा धरणाला जमीन दिली आहे. २०२० मध्ये जमीन जाणार अशी भीती पसरली तेव्हा शरद पवार, आमदार नीलेश लंके शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्याकडे गेले आणि भूसंपादन होणार नाही असं आश्वासन घेऊन आले. बातमी संपली. गावं तिथेच आहेत, अधिसूचनाही.

ही अधिसूचना निघते १९३८ च्या एका इंग्रजी अमदानीतल्या कायद्याखाली. युद्धसराव, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सरावाचा हा कायदा अजून चालू आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यात सरकार एखादा भाग ठराविक मुदतीसाठी गोळीबाराला जाहीर करतं. त्यातला काही भाग 'धोक्याचं क्षेत्र' ठरतो, तिथून माणसं आणि जनावरं त्या वेळेपुरती बाहेर काढता येतात. त्यासाठी भरपाई आहे. पिकाची नासाडी झाली तर आहे, रोजगार बुडाला तर तोही धरला आहे. म्हणजे कागदावर तरी हा कायदा टायनमच्या भाजीपाल्यापेक्षा उदार आहे.

पण त्यातला काळ बघा. सगळं 'त्या मुदतीपुरतं'. मुदत संपली की वाढवता येते, मग पुन्हा वाढवता येते. या कायद्याच्या नजरेत कुणी विस्थापित होतच नाही. माणूस सकाळी बाजूला सरकतो आणि संध्याकाळी परत येतो, वर्षानुवर्षं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कोडमध्ये 'हे तात्पुरतं आहे' असा शेरा मारलेल्या ओळी सापडतात आणि त्याच सगळ्यात जुन्या निघतात. त्या काढायच्या कधी, हे कुणी लिहिलेलं नसतं, म्हणून त्या काढायचं काम कुणाचंच नसतं.

माझ्या मते मराठी कथेची अडचण इथे आहे. विस्थापनाची आपली गोष्ट एका दिवसाभोवती बांधलेली असते. त्या दिवशी पाणी चढतं, देवळाचा कळस बुडतो, बैलगाड्या निघतात. त्याच्या आधीचं सगळं त्या दिवसाकडे जातं, नंतरचं सगळं त्या दिवसापासून मोजलं जातं. टायनमला असा दिवस आहे. मणिबेलीला आहे. के. के. रेंजच्या गावांना तो दिवसच नाही. विहीर खणावी का? घरावर स्लॅब टाकावा का? मुलीला या गावात द्यावं का? अशा प्रश्नांत पिढी सरते. शोकांतिकेला लागणारा एक क्षण तिथे येत नाही. त्यामुळे आपल्या लेखकाला तिथे 'काही घडत नाही' असं वाटतं. घडतं ते बातमीच्या कोपऱ्यात: भंगारासाठी गोळ्यांचे तुकडे वेचताना स्फोट, अमुक जखमी, तमुक मृत.

दुसरी अडचण खलनायकाची. धरणाच्या कादंबरीत ठेकेदार असतो, पुढारी असतो, लाच खाणारा कारकून असतो. चांदमारीच्या गोष्टीत समोर जवान असतो, आणि तो आपल्याच घरातला असतो. खानदेशात गावागावांत कुणीतरी 'मिल्ट्रीमा शे'. भुसावळच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या बनतात, १९६४ पासून वरणगावच्या निर्माणीत बंदुकीच्या गोळ्या. तिथल्या पगारावर आमच्याकडची किती घरं उभी राहिली. ती गोळी झाडून बघायला कुणाचं तरी रान लागणारच, हे मला नाकारता येत नाही. लष्कराने सराव करू नये असं म्हणणारा मी नाही. म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे, आणि चांगल्या कादंबरीला अशीच अवघड गोष्ट लागते. जिचा मुलगा रणगाड्यावर आहे आणि जिचं शेत रेंजमध्ये आहे, अशी आई मराठीत अजून बोललेली नाही.

कल्याणजवळच्या नेवाळीत वेगळा धागा मिळतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळणार होती, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. ती नौदलाकडे राहिली, आणि जून २०१७ मध्ये कुंपणावरून आंदोलन पेटलं, गाड्या जळाल्या. वाहिन्यांनी जळणाऱ्या गाड्या दाखवल्या. सत्तर वर्षं तीन पिढ्या एक शब्द धरून कशा राहिल्या, ही त्यामागची खरी गोष्ट होती. ती कुणी लिहिली नाही.

मग बिनतारखेची गोष्ट सांगायची कशी? झारखंडच्या नेतरहाटच्या लोकांनी त्यावर उपाय काढला. तिथे २४५ गावं याच १९३८ च्या कायद्याखाली अधिसूचनेत होती. २२ आणि २३ मार्च १९९४ ला सरावासाठी येणाऱ्या लष्करी गाड्या लोकांनी टुटुवापानीला आडवं पडून रोखल्या. त्यानंतर दर वर्षी त्याच दोन दिवशी ते तिथे जमत राहिले. सरकारने त्यांना उठण्याची तारीख दिली नव्हती, त्यांनी न उठण्याची तारीख स्वतः ठरवली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने मुदतवाढ नाकारली.

आपल्याकडच्या लेखकाने आंदोलन करावं असं मी सुचवत नाही. पण आकाराचा विचार करावा. या गावांची कादंबरी कदाचित एका महापुराकडे जाणार नाही. ती अधिसूचनेसारखी चालेल, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत', आणि प्रत्येक प्रकरणात तेच शेत, तीच म्हातारी, थोडी आणखी थकलेली. तिच्यात तलाठ्याचा पंचनामा असेल, बुडालेल्या रोजाचा हिशेब असेल, शाळेच्या फळ्यावर लिहिलेली गोळीबाराची वेळ असेल. वाचकाला कंटाळा येण्याची जोखीम तिला घ्यावी लागेल, कारण तो कंटाळाच या माणसांच्या वाट्याला आला आहे.

अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. ते चांगलं आहे, जरूर बघा. टायनममध्ये गावाची शाळाच संग्रहालय झाली आहे, मुलांची नावं लिहिलेल्या खुंट्यांसकट. ती नावं तरी राहिली, पण गाव पुरतं गेल्यावर. वनकुटे, ढवळपुरी, बारागाव नांदूर अजून नांदती गावं आहेत. तिथल्या शाळेत आज हजेरी घेतली जाते. तिथलं कुणी हे वाचत असेल, तर ते लिहिण्यासाठी तुम्हाला कशाच्याही संपण्याची वाट बघायची गरज नाही.