वेल्डरच्या प्रमाणपत्रात काय नसतं?

'आयटीआयमध्ये जुनं शिकवतात, कंपनीला नवं लागतं' हे तुम्हीही ऐकलं असेल. मला ते अर्धवट वाटतं. एक वर्षाच्या वेल्डर ट्रेडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम काढून बघा. गॅस, आर्क, सीओटू, टिग, सगळं आहे त्यात. यादीत खोट नाही.

खोट प्रमाणपत्रात आहे. टेबलावर ठेवलेल्या प्लेटचा जोड आणि डोक्यावरचा जोड ही दोन वेगळी कौशल्यं. बॉयलरच्या कामाला लागणाऱ्या एएसएमई सेक्शन 9 मध्ये वेल्डरची पात्रता पद्धत, पोझिशन आणि जाडी बघून ठरते. 6 महिने ती पद्धत वापरली नाही, तर पात्रता संपते. आपल्याकडे ट्रेडचं नाव छापलं की झालं, तेही कायमचं!

आता सोयगावचा एखादा पोरगा धरा. गावात काम मिळतं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं, गेट-ग्रिलचं, म्हणजे सगळं रॉडवर. दोन वर्षांनी तो वाळूजला ट्रायल द्यायला गेला, तर सीओटूची गन धरताना जवळपास नवशिकाच. अहवालात याला 'स्किल गॅप' म्हणतात. अहो, पण मोजलं काय? न शिकणं की विसरणं?

आणि विचारलं कुणाला? ट्रॉली बनवणारा दुकानदारही नोकरी देतोच की. प्रश्नावली फक्त मोठ्या कंपन्यांच्या एचआरकडे जाऊन कसं चालेल? दुकानदाराला रोबोट नको असतो. ओला रॉड ओळखणारा आणि व्होल्टेज पडलं की करंट बदलणारा माणूस त्याला हवा असतो.