दुसरी फेज घातली, पण ती बसली कुठे?

(जयसिंगपूर इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय थर्मोइलेक्ट्रिक मिश्रधातूंचा आहे, पण सुरुवात फौंड्रीपासून करू. इथल्या बऱ्याच जणांचा शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावशी संबंध असणार. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, दोन्हींत लोखंड आणि ग्राफाइटच. वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम गेलं की ग्राफाइटचे पापुद्रे न होता गोळे होतात. ताकद बदलते हे तुम्हाला मी सांगायला नको. पण उष्णतेचं बघा. ग्रे आयर्न ती जास्त चांगली वाहून नेतं, म्हणून तर ब्रेक डिस्क त्याची करतात. पापुद्रे एकमेकांना जोडलेले असतात, गोळे सुटे असतात. पदार्थ तोच, मांडणी वेगळी.

आता थर्मोइलेक्ट्रिक म्हणजे काय, तर एक टोक गरम, एक थंड, आणि मधे व्होल्टेज. सीबेकनं हे १८२१ मध्ये पाहिलं. पदार्थाची गुणवत्ता झेडटी या आकड्यात सांगतात. झेडटी चांगला हवा तर व्होल्टेज जास्त हवं, वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता मात्र अडायला हवी. पंचाईत अशी, की धातूत जे इलेक्ट्रॉन वीज नेतात तेच उष्णताही नेतात. म्हणून संशोधक उष्णतेच्या दुसऱ्या वाटेवर, म्हणजे स्फटिकाच्या कंपनांवर, नेम धरतात. मूळ मिश्रधातूत दुसऱ्या पदार्थाचे बारीक कण पेरायचे, कंपनं त्यांवर आपटून विखुरतील. हीच ती दुसरी फेज.

कल्पना उत्तम आहे. माझी तक्रार आहे ती यावर निघणाऱ्या शोधनिबंधांच्या साच्याबद्दल. एक टक्का घातलं, दोन टक्के घातलं, तीन टक्क्यांना झेडटी वाढला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा एक सुंदर फोटो, आणि निष्कर्ष: दुसऱ्या फेजमुळे सुधारणा. अहो, 'मुळे' कशावरून?

१९९१ मध्ये बर्गमन आणि लेव्ही यांनी एक गणिती मर्यादा दाखवली. दोन पदार्थ मिसळले आणि प्रत्येकानं आपापले गुण तसेच ठेवले, तर मिश्रणाचा झेडटी त्यांतल्या चांगल्या पदार्थाच्या झेडटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. कितीही घोटा. म्हणजे आकडा खरोखर वर गेला असेल तर सीमेवर काहीतरी घडलं आहे, किंवा मूळ पदार्थच बदलला आहे. लेखकानं सांगायचं ते हे, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

टायटॅनियम-निकेल-टिन घ्या. हा अर्ध-ह्यूस्लर. जास्तीचं निकेल घातलं की त्यात पूर्ण-ह्यूस्लरचे कण तयार होतात. झेडटी सुधारला की श्रेय कणांना. पण त्यातलं थोडं निकेल मूळ जाळीतल्या रिकाम्या जागांतही शिरतं आणि इलेक्ट्रॉनांची संख्या बदलतं. हे साधं डोपिंग झालं. हॉल मापन करून दोन्ही परिणाम वेगळे काढल्याशिवाय फोटो दाखवून काय उपयोग?

उलटं उदाहरण तर मला फार आवडतं. टिन सेलेनाइड, मिश्रधातू नव्हे पण नातलग म्हणा. त्याच्या एकसंध स्फटिकाचे आकडे २०१४ मध्ये थक्क करणारे आले, पण अनेक कणांचा तुकडा घेतला की उष्णता भलतीच वाहायची. कणांवर टिन ऑक्साइडची पातळ साय होती. ती काढून टाकली आणि २०२१ मध्ये झेडटी ३ च्या वर गेला. म्हणजे इथे दुसरी फेज हाकलून सुधारणा झाली! (हशा)

आणि आता मनापासून कौतुक. लोखंड-व्हॅनेडियम-अॅल्युमिनियम हा ह्यूस्लर टेल्युरियमवाल्या पदार्थांच्या मानानं स्वस्त, दणकट, पण उष्णता सढळ हातानं सोडणारा. व्हिएन्नाच्या गटानं त्याच्या पुडीत बिस्मथ-अँटिमनी मिसळून उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलं. तो मऊ पदार्थ कणांमधल्या फटींत जाऊन बसला. सीमेवर कंपनं अडतात, इलेक्ट्रॉनांना मात्र तिथेच मोकळी वाट मिळते. २०२५ मध्ये छापून आलेलं हे काम मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो, कारण त्यात दुसरी फेज कुठे आहे, सलग आहे का, आणि तिथून काय वाहतं, या तिन्हींची उत्तरं द्यायचा प्रयत्न आहे.

मापनाचंही एक. एकच नमुना वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरवला तर झेडटीत दहा-पंधरा टक्के फरक सहज पडतो. मग आठ टक्के 'सुधारणा' छापणाऱ्याला काय म्हणायचं? आपल्या भागातली पोरं पदरचे पैसे घालून दुसऱ्या गावी मोजमाप करून आणतात. त्यांना एकच नमुना मिळतो, एकदाच मोजून. त्यांनी निदान तेवढं तरी प्रामाणिकपणे लिहावं, आणि परीक्षकांनी त्याबद्दल मार्क कापू नयेत.

मागून प्रश्न आलाय: 'सर, आमच्या भट्टीवर बसवू का?' हिशोब करा. एक बाजू ३००, दुसरी ३० अंश, झेडटी सगळीकडे १ धरा. आदर्श कार्यक्षमता साधारण १० टक्के. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण जोडांत नुकसान होतं आणि निबंधातला मोठा झेडटी एकाच तापमानाचा असतो, तुमचा पट्टा ३० पासून ३०० पर्यंतचा. शिवाय थंड बाजू थंड ठेवायला पाणी लागणार, आणि पंपालाही वीज लागते. आधी भिंतीचं तापमान दिवसभर मोजून आणा, मग बोलू.