निर्देशिकेतील नाव : नेटस्केप डिरेक्टरी सर्व्हरच्या व्यक्तिवर्णनाची चिकित्सा

नेटस्केप डिरेक्टरी सर्व्हर ही संगणकप्रणाली त्या नावाने आज अस्तित्वात नाही. मिशिगन विद्यापीठात टिम हाउज व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केलेल्या कार्यातून ती १९९६ मध्ये बाजारात आली. पुढे नेटस्केप कंपनीच विकली गेली, प्रणालीची एक शाखा सनमार्गे ओरॅकलकडे गेली, आणि दुसरी रेड हॅटने २००४ च्या अखेरीस घेऊन पुढील वर्षी मुक्त केली. २००९ पासून ही दुसरी शाखा '३८९' या नुसत्या अंकाने ओळखली जाते. नावांची व्यवस्था लावणाऱ्या प्रणालीच्या वाट्याला शेवटी अंक यावा, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु चिकित्सेचा विषय तो नव्हे. माणसाच्या नावाविषयी या प्रणालीने जे गृहीत धरले, ते मराठी नामपद्धतीला कितपत मानवते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मोठ्या संस्थेतील माणसांची नावे, खाती, पत्ते आणि परवलीचे शब्द एके ठिकाणी ठेवून मागेल त्याला पुरविणे, हे निर्देशिकेचे काम. समजा, माजिवड्यातील एखाद्या कार्यालयाची सूची तीत भरावयाची आहे. प्रत्येक माणसाची नोंद 'व्यक्ती' या वर्गात पडते, आणि या वर्गाला दोन गोष्टी अनिवार्य असतात : 'सीएन' म्हणजे रूढ नाव, आणि 'एसएन' म्हणजे आडनाव. आडनावाविना आलेली नोंद नियमतपासणी चालू असेल तर सर्व्हर नाकारतो. मग व्यवस्थापकाने त्या जागी पहिलेच नाव पुन्हा लिहावे, नाही तर एक टिंब देऊन वेळ मारून न्यावी! हा नियम नेटस्केपचा नव्हे. तो १९८८ च्या एक्स-५०० मानकातून वारशाने आला. तथापि वारसा तपासून घेण्याची जबाबदारी वारसाची असते.

आडनाव सक्तीचे, परंतु मराठी नावाचा जो मधला घटक, पित्याचे किंवा पतीचे नाव, त्याला या वर्गात स्वतंत्र स्थानच नाही. विस्तारित वर्गात 'आद्याक्षरे' नावाचा एक रकाना मिळतो, एवढेच. वस्तुतः मराठी नाव ही केवळ खूण नसून ते एक संबंधदर्शक विधान असते. हा कोणाचा, ही कोणाची, हे त्यात सांगितलेले असते. संबंध बदलला की विधान बदलते. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तकविधानानंतर विष्णु वामन झाले. आडनाव तेच राहिले, म्हणजे निर्देशिका ज्याला अनिवार्य मानते तो घटक स्थिर राहिला आणि तिने ज्यांना दुय्यम लेखले ते दोन्ही घटक बदलले. बाळूताई खरे विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या आणि लेखिका म्हणून विभावरी शिरूरकर. येथे तर एकही घटक शिल्लक राहत नाही.

प्रणालीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तीत एका गुणाला अनेक मूल्ये देता येतात, त्यामुळे ही तिन्ही नावे एकाच नोंदीत सुखाने नांदू शकतात आणि कोणत्याही नावाने शोधले तरी व्यक्ती सापडते. छापील सूचीला हे साधत नव्हते. परंतु ही मूल्ये म्हणजे क्रमरहित संच होय. कोणते नाव आधीचे, कोणते नंतरचे, कोणते जन्माचे आणि कोणते स्वतः निवडलेले, हे त्या संचातून कळत नाही. नावे राहतात, त्यांचा इतिहास गळतो.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केला आहे. या चौपदरी नावापुढे जुना वर्ग अधिकच तोकडा पडतो. नवे गुण जोडून वर्ग वाढविता येतो, हा आक्षेप येथे निघेल, आणि तो खरा आहे. नेटस्केपने ती मुभा ठेवलीच होती. पण एका कार्यालयाने जोडलेला 'आईचे नाव' हा गुण दुसऱ्या कार्यालयाच्या कार्यक्रमाला ठाऊक नसतो. आडनाव मात्र सर्वांना ठाऊक असते. मुभा आणि मान्यता यांतील हे अंतर तांत्रिक भाषेत सहसा झाकले जाते.

शोधाच्या नियमांची कथा याहून निराळी नाही. लहान-मोठ्या लिपीचा भेद दुर्लक्षून नावे जुळवावीत, ही सवलत इंग्रजीला उपयोगी. देवनागरीत तो भेदच नसल्यामुळे मराठीला तिचा लाभ शून्य. मराठीला हवी असलेली सवलत सामान्यरूपाची आहे. पत्त्यात 'माजिवड्याजवळ' असे लिहिले असेल, तर 'माजिवडा' हा शब्द देऊन केलेला अंशशोध ती नोंद काढून देत नाही, कारण 'डा' आणि 'ड्या' यांची वर्णमालिका भिन्न आहे. 'ठाणे' देऊन 'ठाण्यात' सापडत नाही. 'माजिवड' एवढाच तुकडा दिला तर दोन्ही रूपे हाती येतात. पण तसा शब्द भाषेत नाही, आणि तो कल्पून देण्याइतके व्याकरण शोधणाऱ्या कारकुनाने जाणावे, अशी प्रणालीची अपेक्षा आहे. प्रत्येक मूल्यावर भाषेची खूण लावण्याची सोय १९९९ च्या एका मानकाने दिली होती, आणि त्यानुसार मराठी नावावर 'लँग-एमआर' असे लिहिता येई. ती खूण मूल्य कोणत्या भाषेतले आहे एवढे सांगते. त्या भाषेचा एकही नियम ती सर्व्हरला शिकवीत नाही.