'परवडणे' हा शब्द आजारपणात चालतो का?

सरकारी दवाखाना स्वस्त आणि खाजगी महाग, असं आपण सहज बोलून जातो. मी तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा शब्दाला धरूनच सुरुवात करतो.

परवडणे हे बाजारातलं क्रियापद. साडी परवडत नसेल तर आपण घेत नाही, नाहीतर साधी घेतो. अपेंडिक्सचं काय करणार? तिथे काय घ्यायचं हे विकणाराच ठरवतो! केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच मांडलं होतं. आजार कधी येईल सांगता येत नाही आणि रुग्णाला डॉक्टरएवढं कळत नाही. त्यामुळे हा व्यवहार इतर बाजारांच्या नियमाने चालत नाही.

मग सरकारी तरी स्वस्त आहे का? ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. उत्तम निर्णय. पण केसपेपरचे पैसे गेले म्हणजे खर्च गेला असं नाही. औषध संपलेलं असलं की हातात चिठ्ठी येते, 'बाहेरून आणा'. सोनोग्राफीला पुढची तारीख मिळते. दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या माणसाचीही बुडाली, वर एसटीचं भाडं. हा हिशेब कुठल्याच पावतीवर येत नाही, म्हणून तुलनेतही येत नाही.

यावर उत्तर म्हणून विमा पुढे केला जातो. २०१८ ची आयुष्मान भारत घ्या, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. माझा आक्षेप रकमेला नाही. हे संरक्षण भरती झाल्यावरचं आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात, आणि त्या चुकल्या की माणूस भरती होतो. मग कार्ड चालतं! शिवाय ज्या तालुक्यात यादीतलं रुग्णालयच नाही, तिथे ते कार्ड घेऊन जायचं कुठे?

१९४६ साली भोर समितीने म्हटलं होतं की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी पुरेशा उपचाराला मुकू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग त्याच वर्षी लोकांनी थेट खिशातून दिला. परवडतं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.