कीबोर्डने ब्राउझर वापरणे : शॉर्टकटच्या कोष्टकापलीकडे

संगणक साक्षरतेच्या पुस्तकांत ‘कीबोर्डने ब्राउझर वापरणे’ हा विषय बहुधा एका कोष्टकात आटोपतो. टॅबने पुढच्या लिंकवर किंवा रकान्यात, शिफ्ट आणि टॅबने मागे, कंट्रोल आणि एलने पत्त्याच्या पट्टीत. माहिती बरोबर आहे, पण अपुरी आहे. कळा पाठ झाल्या की काम झाले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात काम होणार की अडणार, हे बरेचसे वेबपान तयार करणाराच ठरवतो.

समजा, होसकोट्यातील एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहे. हाताला कंप असल्याने तिला माउस वापरता येत नाही. ‘पुढे’ हे बटण एचटीएमएलच्या ‘बटन’ टॅगने केले असेल, तर टॅबने तेथे पोचता येते आणि एंटर किंवा स्पेसने ते दाबता येते. तेच बटण साध्या ‘डिव्ह’ला रंग देऊन केवळ क्लिकसाठी केले असेल, तर टॅब त्याला वगळून पुढे जाते. दिसायला दोन्ही सारखीच. सुबकपणासाठी सीएसएसमधून ‘आउटलाइन’ काढली, तर आपण पानावर कुठे आहोत हेच कळत नाही. तारखेच्या चौकटीत फोकस अडकला, तर अर्ज तिथेच थांबतो. यांतली एकही अडचण तिच्या अज्ञानाची नाही.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या डब्ल्यूसीएजी २.० (डिसेंबर २००८) या निकषांत सर्व क्रिया कीबोर्डने करता येणे आणि फोकस न अडकणे या ‘ए’ पातळीच्या, तर फोकस दिसणे ही ‘डबल ए’ पातळीची अट आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेविषयी आहे.

ब्राउझरही दोषमुक्त नाहीत. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ही सोय मुळात नाही. त्यामुळे डोळस पण माउस न वापरणाऱ्याला मेनूतली प्रत्येक लिंक ओलांडावी लागते. ‘मुख्य मजकुराकडे जा’ ही लिंक पानाच्या आरंभी असली, तरच ही पायपीट टळते.

स्वाध्याय : माउस बाजूला ठेवून आपल्या विद्यापीठाचे संकेतस्थळ उघडा आणि परीक्षेच्या वेळापत्रकापर्यंत पोचा. टॅब किती वेळा दाबावी लागली, फोकस कुठे दिसेनासा झाला आणि कुठे अडकला, ते लिहा.